मस्टरवर नऊ, शाळेत सात

शाळेचं मस्टर पहिल्यांदा हातात आलं तेव्हा सवयीनं नावं मोजली. नऊ. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत डोकावून माणसं मोजली. शिपाईमामा धरून सात. सह्या मात्र नवाच्या नऊ होत्या, आणि त्यांतल्या दोन एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या.

ही गोष्ट नोव्हेंबर २०१९ ची. मराठवाड्यातल्या ऊसतोड पट्ट्यातली एक मराठी माध्यमाची शाळा. आठवी ते दहावी, प्रत्येकी एक तुकडी, पट एकशेवीसच्या आगेमागे. १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयानं शेजारच्या गावची शाळा पगाराच्या २० टक्के अनुदानात आली आणि ही राहिली. दोन्ही शाळांची मान्यता एकाच वर्षाची, २००३ ची. गावात बोलणं असं, की शेजारच्यांनी वर पैसे चारले. संस्थेच्या सचिवांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांनाही तसंच वाटत होतं. माझ्याकडे ते आले तेच मुळी किती लागतात आणि कुणाच्या हातात द्यायचे हे विचारायला.

मी एका अनुदानित शाळेत लिपिक होतो. निवृत्त झाल्यावर अशा शाळांच्या फायली लावून देतो, त्यामुळे पंचक्रोशीत अजून ‘भाऊसाहेब’च आहे. आप्पांना म्हटलं, पैशाचं नंतर बघू, आधी कपाट उघडा.

शाळेचं, गावाचं नाव देत नाही. सांगताना एका शाळेचं म्हणून सांगतोय, पण ओळख लागू नये म्हणून आणखी दोन शाळांतले प्रसंग यात मिसळले आहेत. कागद मात्र तेच, आणि अडचणीही त्याच.

कपाटातलं पत्र

अशा शाळांचा मागचा इतिहास थोडक्यात सांगावा लागेल. २४ नोव्हेंबर २००१ च्या धोरणानंतर राज्यात ज्या नव्या शाळांना परवानगी मिळाली ती ‘कायम विनाअनुदानित’ या शिक्क्यासकट. शासनाकडे कधी अनुदान मागणार नाही, असं संस्थांनी लिहून दिलं आणि शाळा काढल्या. २० जुलै २००९ ला इंग्रजी माध्यम सोडून इतर शाळांच्या बाबतीत त्यातला ‘कायम’ हा शब्द वगळला गेला. शब्द गेला म्हणजे लगेच पैसे आले असं झालं नाही. १५ नोव्हेंबर २०११ ला मूल्यांकनाचे निकष आले, आणि त्यात पात्र ठरलेल्या शाळांना प्रत्यक्ष पहिले २० टक्के मिळायला १९ सप्टेंबर २०१६ चा निर्णय यावा लागला. मधल्या काळात २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. त्याखाली निघालेल्या शाळांना ही रांगच बंद आहे. म्हणजे ज्या शाळांबद्दल मी बोलतोय त्या या रांगेतल्या शेवटच्या.

आप्पांना हे सगळं तोंडपाठ होतं. मोर्चे, धरणं, आझाद मैदान, सगळीकडे त्यांनी शिक्षकांना गाडी करून पाठवलं होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की त्यांच्या शाळेचं मूल्यांकन २०१३ मध्येच होऊन गेलं होतं. त्याचं त्रुटींचं पत्र कपाटात सापडलं. पाकीट फोडलेलं, पत्र वाचलेलं, समासात पेन्सिलीच्या खुणा केलेल्या. उत्तर गेलेलं नाही.

मुख्याध्यापकांना विचारलं तर ते खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचा दोष नव्हता. उत्तर लिहायचं म्हणजे दोन गोष्टी लिहाव्या लागल्या असत्या ज्या संस्थेला लिहायच्या नव्हत्या. एक, संस्था आज कोण चालवतं. दोन, शाळेत खरोखर शिकवतं कोण. शेजारच्या शाळेनं काय केलं असेल ते मला तिथंच कळलं. त्यांना २०१३ ला असंच पत्र आलं असणार आणि कुणीतरी बसून त्याचं उत्तर लिहिलं असणार.

मयत अध्यक्षांची सही

संस्थेचे संस्थापक-अध्यक्ष २०१४ मध्ये वारले. धर्मादाय कार्यालयातल्या अनुसूची एकवर, म्हणजे संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, २०१९ मध्येही अध्यक्ष म्हणून तेच होते. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. इथे एकाऐवजी दोन अर्ज पडून होते, एक आप्पांच्या गटाचा आणि एक अध्यक्षांच्या धाकट्या भावाचा, आणि दोघांनी एकमेकांच्या अर्जाला हरकत घेतलेली. वाद असलेल्या संस्थेच्या प्रस्तावावर शिक्षणाधिकारी सही करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. उद्या दुसरा गट येऊन विचारेल, हे नेमणूक करणारे कोण?

वाद तत्त्वाचा असेल असं वाटून मी दोघांना वेगवेगळं भेटलो. वाद जागेचा निघाला. शाळा उभी होती ती दिवंगत अध्यक्षांच्या शेतात. सातबारावर आता त्यांच्या वारसांची नावं लागली होती, संस्थेचं नाव कुठेच नव्हतं. धाकट्या भावाला भीती होती की अनुदान आलं की जागा गेली. आप्पांना भीती होती की जागा मागितली की शाळा गेली. पाच वर्षं दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले होते, आणि शाळेचं मूल्यांकन त्यांच्या मधोमध.

बक्षीसपत्राचा आग्रह मी धरला असता तर आजही तिथंच असतो. तीस वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा करायचा, भाडं नाममात्र, आणि धाकट्या भावाला कार्यकारिणीत उपाध्यक्ष करायचं, असं ठरलं. दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झाली त्या दिवशी दोघं एकाच मोटारसायकलवरून आले. दोन्ही हरकती मागे घेतल्या गेल्या आणि समेटाचा एकच बदल अर्ज मंजूर झाला. सांगायला चार ओळी लागल्या, व्हायला चौदा महिने. त्यातले बरेचसे महिने टाळेबंदीचे होते, ते सोडून देतो.

सहावं नाव

आता मस्टरकडे. नऊ नावं अशी: मुख्याध्यापक, सहा शिक्षक, एक लिपिक, एक शिपाई. शाळेत नसलेली दोन नावं म्हणजे आप्पांचे जावई, जे कागदोपत्री २००८ पासून समाजशास्त्र शिकवत होते आणि प्रत्यक्षात पुण्याला एका कंपनीत होते, आणि आप्पांचा पुतण्या, जो लिपिक होता आणि शाळेचं कार्यालय कुठल्या खोलीत आहे हेही त्याला सांगता आलं नसतं. लिपिकाचं काम मुख्याध्यापक रात्री घरी नेऊन करत.

हे ऐकून कुणी फार दचकणार नाही, या क्षेत्रातलं तर नाहीच. विनाअनुदानित शाळेतली जागा ही पेरून ठेवायची गोष्ट समजली जाते. आज पगार नाही म्हणून कुणी विचारत नाही, उद्या अनुदान आलं की पीक. मी आप्पांना वाईट माणूस म्हणत नाही. शाळेच्या तीन खोल्या त्यांनी स्वतःची म्हैस आणि बायकोच्या पाटल्या विकून बांधल्या. दहावीच्या परीक्षेला मुलींना केंद्रावर स्वतःच्या जीपमधून नेलं. त्यांच्या हिशेबात जावयाचं नाव म्हणजे त्या पाटल्यांची परतफेड होती.

पण संचमान्यतेचा हिशेब वेगळा. विद्यार्थिसंख्येवरून शाळेला मुख्याध्यापक धरून शिक्षकांची सहाच पदं मंजूर होत होती. म्हणजे मुख्याध्यापक आणि पाच. मस्टरवर शिक्षकांची सहा नावं. कुणीतरी एक अतिरिक्त, आणि अतिरिक्त नेहमी सेवाज्येष्ठतेत सगळ्यात खालचा ठरतो. सेवाशर्ती नियमावलीतल्या अनुसूची ‘फ’ प्रमाणे ज्येष्ठता यादी लावली तर सगळ्यात खाली होते गणिताचे सर. जून २०१० मध्ये रुजू झालेले. पोरं त्यांच्या तासाला बांधावरून पळत यायची. त्यांना महिना चार हजार मिळायचे, तेही दोन-तीन महिन्यांचे एकदम. संध्याकाळी ते तालुक्याच्या एका दुकानात हिशेब लिहायचे.

थोडक्यात, जावयांचं नाव राहिलं तर गणिताचे सर जाणार.

याच्यावर आणखी एक गाठ होती बिंदुनामावलीची, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं हे ठरवणाऱ्या रोस्टरची. संस्थेनं रोस्टर कधी तपासूनच घेतलं नव्हतं. नोंदवही होती, पण कोरी, पहिल्या पानावर फक्त स्वस्तिक. पदं थोडी असली तरी आरक्षण सुटत नाही. शिक्षकांच्या नेमणुकांच्या काळात ५२ टक्के पदं राखीव, आणि इथे मस्टरवरच्या सहा शिक्षकांत चार खुल्या प्रवर्गाचे. एक नाव जास्त. त्या चारांत जावई होते आणि गणिताचे सरही होते.

रोस्टरबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण बहुतेक शाळा इथंच बुडतात. लोकांना वाटतं रोस्टर म्हणजे अनुदान मागताना भरायचा एक तक्ता. तसं नाही. कोणतं पद कोणत्या बिंदूवर, त्या बिंदूवर कोण, केव्हापासून, जात वैधता प्रमाणपत्र आहे का, हे नेमणुकीच्या दिवशी लिहायचं असतं. विभागीय आयुक्त कार्यालयातला मागासवर्ग कक्ष ते तपासून प्रमाणित करतो. दहा वर्षांनी बसून लिहिलं की प्रत्येक ओळीला पुरावा मागतात: वर्तमानपत्रातली जाहिरात, मुलाखतीचा गुणतक्ता, शाळा समितीचा ठराव, अनुसूची ‘ड’ मधला नेमणूक आदेश, रुजू अहवाल. जाहिरात म्हणजे कात्रण चालत नाही, अख्खं पान लागतं, तारखेसकट. गणिताच्या सरांनी २०१० चं ते पान जपून ठेवलं होतं, आईच्या पेटीत, लुगड्याखाली. जावयांच्या नेमणुकीची जाहिरातच नव्हती. निघालीच नव्हती.

आप्पांनी सुचवलं ते अपेक्षितच होतं. तालुक्याला एक जण जुन्या तारखेचे कागद करून देतो, ठरावाचं पुस्तकही नवं लिहून मिळतं, जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून. मी म्हटलं, आप्पा, मग तुम्हाला माझी गरज नाही, त्या माणसालाच बोलवा. चहा न घेता उठलो. खरं सांगायचं तर मी तत्त्वासाठी उठलो असं नाही. अशा कागदावर हस्ताक्षर कुणाचं निघतं ते मला माहीत होतं. लिपिकाचं.

तीन आठवडे फोन नाही. मग एका सकाळी गणिताचे सर घरी आले. म्हणाले, “भाऊसाहेब, आप्पांनी पाठवलंय. जावईबापूंचा राजीनामा लिहून द्यायचाय, मजकूर काय ठेवायचा?”

काय घडलं ते नंतर कळलं. आप्पांच्या मुलीनंच बापाला सांगितलं होतं, आम्हाला तिथं यायचं नाही, ज्यांना राहायचंय त्यांना राहू द्या. पुतण्याचा राजीनामा मिळवायला जास्त त्रास झाला, पण तो भाऊबंदकीचा मामला, इथे नको.

राजीनामे चालू तारखेचे घेतले. मागची तारीख टाकली असती तर पुन्हा खोटंच. मुख्याध्यापकांनी स्वतंत्र टिपण लिहून दिलं की या दोन नावांपुढे शाळेनं कधीच वेतन दिलेलं नाही, शासनाकडून काहीही उचललेलं नाही, आणि हजेरीवरच्या सह्या प्रत्यक्ष उपस्थितीच्या नाहीत. हे लिहिताना त्यांचा हात कापत होता. कारवाई झाली असती तर त्यांच्यावरच झाली असती. मी त्यांना एवढंच सांगितलं, की आज तुम्ही लिहिलं तर ती त्रुटी, उद्या तपासणीत त्यांना सापडलं तर गुन्हा. ताशेरे आले, लेखी समज मिळाली, त्यापुढे काही झालं नाही.

गणिताच्या सरांची वैयक्तिक मान्यता, म्हणजे त्यांच्या नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी, मिळाली ती विनाअनुदान तत्त्वावर आणि अटीसह: पुढचं रिक्त पद मागास प्रवर्गाचा अनुशेष भरण्यासाठी वापरायचं, तसं संस्थेनं हमीपत्र द्यायचं. पुढची भरती संस्थेच्या मर्जीची उरलेलीच नाही. ती शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून होते. आप्पांनी हमीपत्रावर सही करताना विचारलं, “म्हणजे आता शाळा आमची राहिली का नाही?” मी उत्तर दिलं नाही. प्रश्न खरा होता. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थाचालकानं तो सही करायच्या आधी स्वतःला विचारावा, नंतर नाही.

कोयत्याबरोबर गेलेला पट

मुलांचा प्रश्न या भागात कॅलेंडरचा असतो. संचमान्यतेला ३० सप्टेंबरचा पट धरतात. तेव्हा वर्ग भरलेले असतात. दिवाळीच्या सुमारास मुकादमांच्या गाड्या लागतात आणि उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. काही मुलं आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात, काही जातात. तपासणीचं पथक येतं ते जानेवारीत.

आधीच्या वर्षांत यावर सोपा उपाय होता. सगळ्यांची हजेरी ‘ह’. शाळेत पंचावन्न पोरं आणि हजेरीवर एकशे दहा. मी म्हटलं, या वर्षापासून जो आहे तोच ‘ह’. शिक्षक घाबरले. मॅडम म्हणाल्या, “पट गेला तर पदं जातील, भाऊसाहेब.” त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. तरी आम्ही खरं लिहिलं आणि प्रत्येक गैरहजर मुलापुढे कारण लिहिलं: पालक कोणत्या कारखान्यावर, कधी गेले, मूल बरोबर गेलं की मागे आहे. मागे राहिलेल्यांच्या आज्यांना गाठून नऊ मुलं परत वर्गात आणली. त्यातली एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसली होती. त्याला अंगणवाडीत घातलं तेव्हा ती आली.

विस्तार अधिकारी आले, त्यांनी वर्ग मोजले, वही पाहिली, बराच वेळ काही बोलले नाहीत. शेऱ्यात लिहिलं: उपस्थिती कमी, हंगामी स्थलांतर, नोंदी ठेवलेल्या आहेत. त्या शेवटच्या तीन शब्दांनी आम्हाला वाचवलं असं माझं मत. सिद्ध करता येणार नाही.

आधारची भानगड त्याहून कंटाळवाणी. जनरल रजिस्टरला एक नाव, आधारवर दुसरं, जन्मतारीख निम्म्या मुलांची १ जानेवारी. पडताळणीत नाव जुळलं नाही की ते मूल पटात धरलं जात नाही, मग ते रोज पहिल्या बाकावर बसत असलं तरी. दोन शनिवार शिबिर लावलं. उरलेली पोरं मुख्याध्यापकांनी स्वतः तालुक्याच्या आधार केंद्रावर नेली. एवढं करूनही पट काठावरच असतो. १५ मार्च २०२४ च्या निर्णयानं संचमान्यतेचे निकष आणखी आवळले गेले, तेव्हा या शाळेला पुन्हा धडकी भरली. पण ते पुढचं.

विसाचा हिशेब

गावात अनुदान म्हणजे शाळा सरकारी झाली असं समजतात. कागदावर ते फक्त वेतन अनुदान असतं. इमारत, बाकं, लाइट बिल, प्रयोगशाळेतली स्पिरिटची बाटली, सगळं संस्थेचंच.

आता वीस टक्के म्हणजे किती? बी.एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाचं सातव्या वेतन आयोगातलं सुरुवातीचं मूळ वेतन ३८,६०० धरलं, तर विसाचे होतात ७,७२०. त्यावर महागाई भत्त्याचा तेवढाच हिस्सा. उरलेले ऐंशी टक्के कुणी द्यायचे? खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली वाचली तर उत्तर स्पष्ट आहे: संस्थेनं. एवढ्या वर्षांत मला तसं देणारी एकही संस्था भेटलेली नाही. फसवणूक म्हणा, पण त्यात सगळेच आहेत. शासनाला माहीत आहे, संस्थेला माहीत आहे, आणि शिक्षक पावतीवर सही करतो.

या शाळेत आम्ही तीच पावती बदलायची ठरवली. आजवर मानधनाच्या व्हाउचरवर एक आकडा आणि पाकिटात दुसरा असं चाले. त्याऐवजी शाळेचं खातं संस्थेच्या खात्यापासून वेगळं केलं, मानधन कितीही कमी असो बँकेतून द्यायला सुरुवात केली, आणि सनदी लेखापालाला सांगितलं की जे दिलं तेच लिहा. पहिल्या वर्षीचा ताळेबंद इतका केविलवाणा दिसला की आप्पांना तो फायलीत लावायची लाज वाटत होती. मी लावला.

फीचं काय, हा प्रश्न पालकसभेत आलाच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुदानित शाळेनं आठवीपर्यंत अनुदानाच्या प्रमाणात, पण किमान २५ टक्के मुलांना मोफत शिकवायचं असतं. म्हणजे वीस टक्के घेतले तरी पंचवीस टक्के मोफत. आमच्याकडे तो नियम आठवीच्या एका वर्गापुरताच. पण पालकांना टक्के समजावणार कोण? अनुदानाच्या यादीत नाव आल्याची बातमी फुटली त्या महिन्यात फी येणं जवळजवळ बंद झालं. एक बाप म्हणाला, “सरकार पगार देतंय तर आमच्याकडून कशाचे घेता?” शालेय पोषण आहाराचंही तसंच. आठवीला भात, नववीला वास. शेवटी मॅडमनी आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी मिळून आपापसात काहीतरी जमवलं. मी चौकशी केली नाही.

फी आटली तशी संस्थेनं मानधन बंद करायची भाषा सुरू केली. जुने चार हजार गेले आणि नवे दहाच्या आसपास आले तर शिक्षकाच्या हातात वाढले किती? ठराव करून घेतला की अनुदानाचा टप्पा ४० टक्के होईपर्यंत संस्था निम्मं मानधन चालू ठेवेल. तो ठराव एक वर्ष पाळला गेला.

शालार्थ

६ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयानं २०, ४० आणि ६० टक्क्यांचे टप्पे दिले गेले आणि त्रुटी पूर्ण केलेल्या शाळांनाही वीस टक्क्यांत घेतलं. त्या यादीत ही शाळा होती. मुख्याध्यापकांनी मोबाइलवर पीडीएफ मोठी करून करून आपला अनुक्रमांक शोधला आणि तो सापडल्यावर पुन्हा पहिल्यापासून यादी वाचली, दुसरीच शाळा तर नाही ना म्हणून.

यादीत नाव येणं आणि पगार येणं यात शालार्थ, म्हणजे शिक्षकांच्या पगाराची शासनाची ऑनलाइन प्रणाली, असते. प्रत्येक कर्मचाऱ्याचा प्रस्ताव उपसंचालक कार्यालयात, तिथून शालार्थ क्रमांक, मग वेतन पथकाकडे पहिलं बिल. ज्यांच्या फायलीत मान्यता आदेश, संचमान्यता आणि रोस्टर एकमेकांशी जुळतात त्यांचं काम चार-सहा महिन्यांत होतं. ज्यांच्या तारखा जुळत नाहीत त्यांना उत्तरं लिहीत बसावं लागतं. आमच्या सात जणांपैकी पाच पहिल्या फेरीत गेले. शिपाईमामांचं अडकलं. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयानं चतुर्थश्रेणीची पदं जाऊन शिपाई भत्त्याची पद्धत आली, त्यात त्यांचं नक्की काय हे सांगायला कुणी तयार नव्हतं. ते अजून घंटा वाजवतात आणि संस्थेच्या खात्यातून जे मिळतं ते घेतात. या सगळ्या तयारीत मला न सुटलेली गोष्ट हीच, आणि ती मला टोचते.

सातवे म्हणजे गणिताचे सर. अटीसह मान्यता म्हटल्यावर त्यांच्या फायलीला दोन पत्रव्यवहार जास्त झाले. त्यांचा पहिला पगार जमा झाला त्या दिवशी त्यांनी दुकानातली हिशेबाची नोकरी सोडली नाही. म्हणाले, “चाळीस टक्के होऊ द्या, मग बघू.” शहाणा माणूस. पुढच्या टप्प्याचा निर्णय १४ ऑक्टोबर २०२४ ला निघाला. पण त्याचे पैसे मिळावेत म्हणून जुलै २०२५ मध्ये शिक्षकांना पुन्हा आझाद मैदानात चिखलात बसावं लागलं. आप्पांनी तेव्हाही गाडी करून दिली.

त्याच वर्षी नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं. कधी वर्गात न गेलेल्या माणसांच्या नावानं पगार निघाले होते, अधिकाऱ्यांना अटका झाल्या. मग राज्यभर शिक्षकांच्या नेमणुकीचे मूळ कागद शालार्थवर अपलोड करा असं फर्मान आलं. आप्पांनी बातमी वाचून मला फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, पावसाचं, कापसाचं. जावयांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

गणिताचे सर दुसऱ्या दिवशी २०१० चं ते वर्तमानपत्राचं पान घेऊन तालुक्याला स्कॅन करायला गेले. घडीवर कागद फाटायला आला होता. झेरॉक्सवाल्यानं काचेवर ठेवायच्या आधी विचारलं, “सर, एवढं अख्खं पान? का फक्त जाहिरात?”

“अख्खं,” सर म्हणाले. “तारीख दिसली पाहिजे.”